आधी माणसांचं पंचांग, मग वाफे: शहरातल्या शाळेत परसबाग लावताना

शाळेत बाग करायची ठरली की पहिल्याच बैठकीत सगळे विचारतात, काय काय लावायचं? कुणी टोमॅटो म्हणतं, कुणी गुलाब. आमच्याकडेही तसंच झालं. मे महिन्यात पाणी कोण घालणार, हे मात्र कुणी विचारलं नाही. निकाल लागले, शिक्षक गावाला गेले, शिपाईमामा आंब्याच्या पेट्या भरायच्या कामाला लागले. जूनच्या मध्यावर शाळा उघडली तेव्हा वाफ्यांत उभ्या होत्या त्या फक्त पाट्या: वांगी, मिरची, टोमॅटो. मुलांनी स्केचपेनने इतक्या सुंदर रंगवलेल्या, की काढून टाकायलाही जीव होईना.

आमची शाळा रत्नागिरीत, बंदरापासून चालत वीसेक मिनिटांवर. पटावर साधारण दीडशे मुलं. खारवी आणि कोकणी मुसलमान मच्छीमारांची, भंडारी-कुणबी घरांतली, विजापूरकडून बांधकामावर आलेल्यांची, आंब्याच्या बागा राखणाऱ्या नेपाळी कुटुंबांची, शिवाय उत्तर प्रदेशातल्या गिलावेवाल्यांची आणि एका बंगाली सोनारकारागिराची. घरात बोलायच्या भाषा मोजल्या तर सहा भरतात. मी शिक्षिका नाही, पालक आहे. पुढचं सगळं चुकत चुकत शिकलेलं आहे; तुमच्या शाळेत यातल्या निम्म्या चुका टळल्या तरी खूप झालं.

पहिलं काम: कोण कधी गावात असतं ते लिहून काढा

एक मोठा पुठ्ठा घ्या, त्यावर बारा महिन्यांचे बारा चौकोन आखा. प्रत्येक चौकोनात तुमच्या वस्तीतलं कोण त्या महिन्यात मोकळं असतं, कोण कामात बुडालेलं असतं आणि कोण गावाला जातं, ते लिहा. भाजीपाल्याचं वेळापत्रक पुस्तकात मिळतं, माणसांचं मिळत नाही.

आमचा पुठ्ठा भरत गेला तसं लक्षात आलं की कोकणातल्या शहराची घडी समुद्र, आंबा आणि गणपती या तिघांवर बसलेली आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या किनाऱ्याला शाकारलेल्या, माणसं जाळी दुरुस्त करत बसलेली. मांडव घालायचे, कुंपण बांधायचं, वाफे सावरायचे, ही आपली सगळी कामं नेमकी याच दोन महिन्यांतली. गाठ मारण्यात त्यांच्या हाताला तोड नाही, आणि फाटकी जाळीही त्यांच्याकडेच. आम्ही पहिल्या वर्षी मांडवासाठी दुकानातून सुतळी आणून बोटं सोलून घेतली होती. दुसऱ्या वर्षी दोन चाचा आले, अर्ध्या दिवसात मांडव उभा करून चहा पिऊन गेले. मात्र 1 ऑगस्टनंतर त्यांना बोलावू नका, कुणी येणार नाही, आणि न येण्यात त्यांचा काही दोषही नाही.

विजापूरकडची बरीचशी कुटुंबं पावसाच्या तोंडावर आपल्या पेरणीला जातात आणि पाऊस संपल्यावर परततात. नेपाळी घरं जानेवारीपासून मेपर्यंत आंब्याच्या मागे असतात, त्यांना त्या दिवसांत काही सांगू नये. गणपतीत आमच्यासारख्यांची घरं पाहुण्यांनी भरतात आणि शाळेला सुट्टी असते; तेव्हा पाणी द्यावं लागत नाही, पण तोडणी करावीच लागते. शिराळं तीन दिवस वेलावर राहिलं की त्याची घासणी होते. ते आठ-दहा दिवस मोहल्ल्यातल्या भाभींनी मागून घेतले. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, म्हणून तो चौकोन दर वर्षी नव्याने भरायचा. त्या महिन्यात संध्याकाळची पाळी त्यांच्याकडे देऊ नका. आमच्याकडे त्यांनीच सुचवलं की सकाळची द्या, आम्ही सहेरीपासून जाग्याच असतो.

आणि मे? ज्यांना जायला गाव नाही ते मेमध्ये इथे असतात. आमच्याकडे कायमची वस्ती केलेली दोन कानडी घरं, गिलावेवाल्याचं घर आणि शाळेच्या भिंतीला लागून राहणारी एक आजी. बाग चालते ती या चार घरांच्या जिवावर. तुमची चार घरं कोणती ते ठरल्याशिवाय कुदळ उचलू नका.

परवानगी

हे काम फार लांबवायचं नाही. मुख्याध्यापकांशी बोला आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव लिहून घ्या. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या, त्यामुळे ठराव अडत नाही. ठरावात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: जागा कोणती, पाणी कुठल्या नळाचं, सुट्टीत फाटकाची किल्ली कुणाकडे. तिसरी गोष्ट आम्ही लिहिली नव्हती. मग एक दिवस आजी हातात कळशी घेऊन कुलूपबंद फाटकाबाहेर उभी.

बोलावणं कसं करायचं

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर छान मराठीत निरोप टाकला, खाली हात जोडलेलं चित्र. नऊजण आले. सगळे समितीचेच. बाकीच्यांना रस नाही, असं आम्ही तिथल्या तिथे ठरवूनही टाकलं.

मग सोनाराकडच्या वहिनी मुलाला सोडायला आल्या असताना त्यांची नजर फाटकाजवळ आपोआप उगवलेल्या मायाळूवर गेली. "पुई शाक!" म्हणत त्यांनी पानच खुडलं. कोळंबी घालून कशी करतात ते हातवारे करून सांगू लागल्या. मागे उभ्या कानडी अम्मा म्हणाल्या, हे तर बसळे. गिलावेवाल्याच्या बायकोने सांगितलं, हमारे यहाँ पोई बोलते हैं. तोवर मी मायाळूला भज्यांपलीकडे ओळखत नव्हते. फाटकात दहा मिनिटं गर्दी झाली. आमच्या बैठकीपेक्षा मोठी.

तेव्हापासून आमची पद्धत अशी: बैठकीला बोलवायचं नाही, हातात एखादं पान किंवा बी घेऊन दारात जायचं आणि विचारायचं, तुमच्याकडे याला काय म्हणतात, कसं करता? जाळी विणायला बसतात तिथे सकाळी, बांधकामाच्या साइटवर मजुरी वाटायच्या दिवशी संध्याकाळी. प्रत्येक घराकडून एकच मागणं: तुमच्या जेवणातलं एक झाड सांगा. ते लावायचं बंधन नाही, पण विचारलं पाहिजे. एका नेपाळी ताईंनी रायोचं बी दिलं, मोहरीच्या जातीची पालेभाजी. डिसेंबरात तिला पानं आली ती हिमालयातल्यासारखी रुंद आली नसणार, पण त्यांची मुलगी वर्गात पहिल्यांदा काहीतरी समजावून सांगायला उभी राहिली.

झाडांच्या पाट्यांवर नावं सगळ्या भाषांत लिहा. लिपी चुकली तर मुलंच दुरुस्त करतात.

जागा आणि वाफे

रत्नागिरीत जमीन खणायला गेलात तर वीतभर खाली कातळ लागतो. म्हणून खणूच नका, वर चढवा. जांभ्या चिऱ्याचे दोन थर रचायचे, सिमेंट न लावता, म्हणजे फटींतून पावसाचं पाणी निघून जातं. वाफा 10 फूट लांब, 3 फूट रुंद, 1 फूट उंच. रुंदी तीनच्या पुढे नको: मुलाचा हात दोन्ही बाजूंनी दीड फूट पोचतो, त्याहून रुंद केलात तर ते वाफ्यात पाय देणारच. दोन वाफ्यांत दोन फुटांची वाट, आणि एक वाट चार फुटांची, ढकलगाडी जाईल अशी.

हिशेब सोपा आहे. एक वाफा म्हणजे 30 घनफूट, सहा वाफे म्हणजे 180. त्यात निम्मी लाल माती, पाव कुजलेलं शेणखत, पाव पालापाचोळा. म्हणजे माती लागते 90 घनफूट. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, तेव्हा एका ब्रासात सहा वाफ्यांचं काम होतं. माती टाकणाऱ्याला हा आकडा आधी सांगा, नाहीतर तो दोन ब्रास उतरवून मोकळा होईल. पहिल्या वर्षी सहापेक्षा जास्त वाफे करू नका; खरं तर चारच करा.

तळाशी नारळाची सोडणं अंथरा, खोलगट बाजू वर करून. ती पाणी धरून ठेवतात आणि सावकाश कुजतात. आंब्या-फणसाचा पाला जाळायची आपल्याकडे फार हौस, शाळेच्या आवारातही रोज संध्याकाळी धूर असतो. तो पाला पोत्यांत भरून ठेवला तर फुकटचं सोनं आहे. आंब्याचं पान चिवट असतं, म्हणून तुडवून बारीक करा. मुलांना पोत्यावर नाचायला सांगितलं की हे काम आपसूक होतं.

जांभ्याची माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी. शक्य असेल तर माती तपासून घ्या. आंबटपणा निघाला तर एका वाफ्याला अर्धा किलोच्या आसपास शेतीचा चुना पुरतो, तो शेणखताच्या दोन-तीन आठवडे आधी मिसळायचा, दोन्ही एकदम नाही. कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नका, ओल लागली की भाजतो.

बंदराजवळची शाळा म्हटल्यावर कुणीतरी मासळीच्या खताचं सुचवणारच. डोकी-पोटातली घाण दीड फूट खोल पुरली आणि वर माती नीट दाबली तर खत उत्तम होतं. पण शाळेत मांजरं, कावळे, कुत्री आणि शाकाहारी घरांची मुलंही आहेत. आम्ही ते वाफ्यांत न घालता कुंपणाबाहेरच्या केळींना दिलं, आणि कुणाची कुरकुर आली नाही. खारवलेल्या सुक्या मासळीचा कचरा मात्र कुठेच नको, मीठ झाडाला मारतं.

ऊन किती येतं ते डिसेंबरात बघा, मे महिन्यात नाही. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो आणि इमारतीच्या उत्तरेची जागा दिवसभर सावलीत जाते. भाजीला सहा तास ऊन हवं.

आणि एक सावधगिरी. कातळाच्या मुलखात फुरसं, हा विषारी साप, असतो. चिरे, पाल्याची पोती, सोडणांचा ढीग मुलांनी हाताने उचलायचा नाही. मोठ्या माणसाने आधी काठीने हलवायचा. पावसात साचलेल्या पाण्यात अनवाणी उतरू द्यायचं नाही, पायाला जखम असेल तर मुळीच नाही, कारण लेप्टो, म्हणजे अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप.

पाणी

पावसात इथे तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मार्चमध्ये टँकरची वाट बघावी लागते. ही गंमत कोकणाबाहेरच्यांना पटत नाही. छपराचं पाणी टाकीत धरलंत तरी ते उन्हाळ्यापर्यंत पुरणार नाही. एका वाफ्याला उन्हात दिवसाला साधारण 15 लिटर लागतं, सहाला 90. हजार लिटरची टाकी म्हणजे अकरा दिवस.

मग आम्ही हात धुण्याच्या नळाकडे बघितलं. शालेय पोषण आहार जेवायच्या आधी आणि नंतर मिळून दीडशे मुलांनी अर्धा-अर्धा लिटर वापरलं तरी रोजचे 75 लिटर. त्या नळाखालची मोरी पन्हळीने वाफ्यांकडे वळवली. जेवणाआधीचं साबणाचं पाणी वेगळ्या पन्हळीने केळी आणि अळूला जातं, नंतरचं भाजीला. वर पाल्याचा जाड थर असेल तर पाणी एक दिवसाआड दिलं तरी चालतं. शाळा चालू असताना बाग या पाण्यावरच उभी आहे.

काय लावायचं

आता तो प्रश्न. मृग 7-8 जूनला लागतो, शाळा उघडते त्यानंतर. म्हणजे वेलांची पेरणी मुलांविनाच व्हायची वेळ. यावर उपाय करवंटीचा. सुट्टी लागताना प्रत्येक मुलाला दोन बिया द्यायच्या. घरी नारळाच्या करवंटीत, डोळ्याचं भोक पाडून, माती भरून मेच्या अखेरीस लावायच्या. शाळा उघडते त्या दिवशी छत्रीखाली करवंटी धरून येणारी रांग बघण्यासारखी असते. निम्म्या रिकाम्या असतात, कोंबडीने खाल्लेल्या किंवा भावाने उपटलेल्या. काही हरकत नाही, चार वेल लागतात, चाळीस नाही.

पावसाळ्यात पडवळ, शिराळी, कारली, काकडी मांडवावर. खाली भेंडी, लाल माठ, अळू, आणि कडेला हळद-आलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, म्हणजे 1972 साली स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने, इथल्या पावसाला टिकणाऱ्या जाती काढल्या आहेत: पडवळात कोकण श्वेता, दोडक्यात म्हणजे आपल्या शिराळ्यात कोकण हरिता, कारल्यात कोकण तारा. बी घेताना सुधारित मागा, संकरित नको, नाहीतर पुढच्या वर्षी बी धरता येणार नाही. टोमॅटो पावसात लावू नका. कुणी कितीही म्हटलं तरी.

पडवळ कोवळं असताना त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधतात, म्हणजे ते वाकडं न होता सरळ खाली उतरतं. आमच्या चौथीच्या वर्गाला याचं वेड लागलं. रोज पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं, आणि दगड बदलायचा. एका मुलाने लवकर वाढावं म्हणून लिंबाएवढा दगड बांधला. दुसऱ्या दिवशी पडवळ जमिनीवर आणि तो कोपऱ्यात. त्या तुटक्या पडवळाची भाजी त्या दिवशीच्या आमटीत गेली.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. बैलाच्या कष्टाविना पिकलेली भाजी त्या दिवशी लागते. तेव्हा अळू, माठ, भेंडी, पडवळ यांना आपल्या वाफ्यांतून भरपूर गिऱ्हाईक असतं; तोडणीची पाळी आधीच लावून ठेवा.

दसऱ्यानंतर मांडव उतरवून पालेभाज्या: लाल माठ, मुळा, मेथी, पालक, शेपू. त्यांच्याबरोबर वांगी, मिरची, आणि कुंपणाला वाल. नव्या शाळेने सुरुवात याच हंगामात करावी असं माझं मत आहे. लाल माठ महिन्याभरात ताटात येतो आणि मुलांचा विश्वास बसतो. 5 जूनला पर्यावरण दिनाचे फोटो काढून सुरू झालेल्या बागा पहिल्या मुसळधार पावसात वाहून जाताना मी बघितल्या आहेत.

गुरं, वानर, माश्या

मोकाट गुरांसाठी जुनं जाळं कुंपणाला उत्तम, पण जाड नायलॉनचं आणि ताणून बांधलेलं. तंगुसाचं पातळ जाळं वापरू नका, पक्षी आणि धामणी अडकून मरतात. वानरांवर उपाय नाही. हळद, आलं, अळू, सुरण यांच्या वाटेला ती कमी जातात, म्हणून बाहेरच्या रांगेत तेच लावा, आणि काकडी आत.

वेलभाज्यांना फळमाशी लागते. कळी गळून कोवळं फळ धरलं की त्यावर वर्तमानपत्राची पिशवी चढवा. सापळा आणणार असाल तर वेलवर्गीय भाज्यांसाठीचा क्यूल्युर मागा. आंब्याच्या बागेतल्या सापळ्याचा इथे उपयोग नाही, ती माशी वेगळी. गोगलगायी संध्याकाळी बॅटरी घेऊन वेचायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. विषारी फवारा शाळेत आणायचाच नाही, निंबोळी अर्कावर भागवा.

भाजी कुणाची

भांडण झालं तर इथे होतं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 50 ग्रॅम भाजी ठरलेली आहे, सहावी ते आठवीला 75. दीडशे लहान मुलं धरली तरी रोजची साडेसात किलो. सहा वाफे तेवढं कधीच देणार नाहीत, हे समितीला पहिल्याच दिवशी सांगा. आठवड्यातून एखाद्या दिवशी आमटीत पालेभाजी जाईल, एवढंच.

आमचा नियम असा: तोडणीचा पहिला वाटा शाळेच्या स्वयंपाकी मावशींचा, त्या सांगतील तेवढा. दुसरा वाटा त्या आठवड्यात ज्यांनी पाणी घातलं त्यांचा. उरलं तर फाटकावर टोपलीत. पहिल्या दोन वर्षांत विकायचं नाही. पैसा आला की वही आली, वही आली की संशय आला. मेमधल्या भाजीवर मात्र फक्त त्या चार घरांचा हक्क, तिथे कुणी हिशेब मागायचा नाही.

मे महिना

एप्रिलच्या मध्यावर चार वाफे रिकामे करा. पाल्याचा वीतभर थर घाला, वर पोती, आणि झोपू द्या. जागे ठेवायचे दोनच: एकात मायाळू, दुसऱ्यात अळू. शेवगा आणि कढीपत्ता कडेला असतील तर त्यांना आठवड्याला बादलीभर पुरे. म्हणजे चार घरांच्या वाट्याला रोज दोन-दोन कळशा येतात. किल्ली, नळाची वेळ आणि समितीतल्या एका माणसाचा फोन नंबर एका कागदावर लिहून चारही घरांत द्या, वाचता येईल अशा भाषेत. आमच्या आजीला वाचता येत नाही, तिला किल्लीला लाल दोरा बांधून दिला.

बियाण्याचं काम त्याच्या कितीतरी आधी, पाऊस संपताना. प्रत्येक वेलावरचं एक चांगलं फळ लाल दोरा बांधून राखायचं, म्हणजे कुणी तोडत नाही. शिराळं वेलावरच सुकतं, हलवलं की आत बिया वाजतात. पडवळ पिकून लाल-केशरी होतं, फुटायच्या आत काढून बिया धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, राखेत घोळून बाटलीत. बाटली मुख्याध्यापकांच्या कपाटात, हजेरीच्या जुन्या पटांशेजारी. एप्रिलच्या शेवटच्या दिवशी ती बाहेर काढायची, आणि मुलं घरी जाताना प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन बिया ठेवायच्या.